पेरू-मिरचीचे झणझणीत मॉकटेल: वीस पाहुण्यांसाठी घरच्या घरी

पेरूच्या चार फोडी करायच्या, मधोमध तिखट-मीठ भरायचे आणि कागदाच्या तुकड्यावर ठेवून हातात द्यायचे, ही पुण्यातल्या कितीतरी शाळांच्या फाटकाबाहेरची चव आहे. सिंहगड चढून गेल्यावरही टोपलीतून तीच पुढे येते. ती ग्लासात उतरवता येते आणि थंडीच्या दिवसांतल्या घरगुती पार्टीत लहानथोर सर्वांना ती आवडते, असा माझा अनुभव आहे. हे पेय करण्यात अवघड असे काही नाही. मात्र एक गोष्ट पहिल्यापासून ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे तिखट वेगळे ठेवायचे आणि ते प्रत्येक ग्लासात मोजून घालायचे.

हे मला एका ३१ डिसेंबरच्या रात्री कळले. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरील कार्यक्रमासाठी मी चार लिटर पेरूचा गर आणि सहा हिरव्या मिरच्या एकत्रच मिक्सरमधून काढल्या होत्या. संध्याकाळी सहा वाजता चव घेतली तेव्हा ते अगदी बेताचे तिखट लागले, पण आठ वाजता पाहुणे आले तोवर त्याच गराचा असा जाळ झाला होता की मुलांनी पहिल्या घोटातच ग्लास खाली ठेवले. मिरचीचे बारीक कण गरात राहिले की दोन तास आपले काम करीतच राहतात, आणि एकदा मिसळलेले तिखट परत काढता येत नाही. साखर वाढवली, पाणी वाढवले, तरी ते पेय सुधारले नाही. पुढे सांगितलेली सगळी कृती त्या रात्रीनंतर बसवलेली आहे.

मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यामुळे येतो त्याला कॅप्सेसिन म्हणतात. ते तेलात आणि तुपात सहज विरघळते, पाण्यात मात्र फारच थोडे विरघळते. म्हणूनच तोंड भाजले असता पाणी पिऊन आराम पडत नाही, उलट जळजळ तोंडभर पसरते. दूध, दही किंवा मठ्ठा घेतला तर त्यांतील प्रथिने आणि स्निग्धांश हे द्रव्य उचलून नेतात. दुसरी गोष्ट अशी की कॅप्सेसिन मुख्यतः मिरचीच्या आतील पांढरट शिरांमध्ये असते, बियांमध्ये नव्हे. बिया तिखट लागतात त्या शिरांना चिकटून असल्यामुळे. त्यामुळे सौम्य पेय हवे असेल तर नुसत्या बिया झटकून भागत नाही, सुरीच्या टोकाने शिराही खरवडून काढाव्या लागतात.

तिसरी गोष्ट थंडाव्याची. तिखटाची जाणीव जिभेवरील ज्या यंत्रणेमुळे होते तिलाच उष्णतेचीही जाणीव होते, त्यामुळे बर्फासारख्या थंड पेयात तिखट काही क्षण दबून राहते आणि घोट गिळल्यावर, तोंड पुन्हा ऊबदार झाले की वर येते. नवखी व्यक्ती चव घेते, तिला काहीच लागत नाही, ती आणखी एक चमचा घालते आणि फसते. चव घेतल्यावर मनातल्या मनात साठ अंक मोजावेत आणि मगच निर्णय घ्यावा. गोडीचेही थंडाव्यात असेच होते. कोमट असताना जो पाक गोडमिट्ट वाटतो तोच बर्फात बेताचा लागतो.

पेरूची निवड

थंडीत पुण्याच्या बाजारात पेरू मुबलक असतात. महात्मा फुले मंडईत किंवा गुलटेकडीच्या मार्केट यार्डात सकाळी लवकर गेल्यास निवडीला वाव मिळतो. पांढऱ्या गराचा ‘सरदार’ किंवा ‘लखनौ-४९’ हा पेरू बाजारात सर्रास दिसतो, आणि पुणेकरांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे की नावात लखनौ असले तरी ही जात पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात १९२७ मध्ये निवडली गेली. गर मऊ, बिया तुलनेने कमी आणि चव गोड-आंबट, म्हणून या पेयासाठी तो उत्तम. गुलाबी गराचा पेरू मिळाला तर रंग फार सुंदर येतो, पण माझे मत असे की सुगंधाच्या बाबतीत पूर्ण पिकलेला पांढरा पेरू सरस ठरतो. दोन्ही मिळाल्यास निम्मे-निम्मे घ्यावेत.

मंडईतल्या माझ्या नेहमीच्या फळवाल्या मावशी वजन करण्याआधी विचारतात, “ताई, आज लागणार का परवाला?” हा प्रश्न आपण स्वतःलाही विचारावा. गरासाठी पेरू आतपर्यंत पिकलेला लागतो. सालीचा हिरवा रंग फिकट पिवळा झालेला, देठाच्या बाजूला अंगठ्याने हलकेच दाबले असता किंचित खळगा पडणारा आणि नाकाजवळ नेताच दरवळणारा. कडक हिरवा पेरू खायला छान, पण त्याचा रस तुरट होतो. पार्टीला तीन दिवस असतील तर थोडे कच्चे घेऊन कागदी पिशवीत बाहेर ठेवावेत, फ्रिजमध्ये ठेवू नयेत. काळे डाग पडलेला किंवा देठाशी बारीक छिद्र असलेला पेरू आत किडका निघण्याची शक्यता असते, म्हणून सगळे पेरू आदल्या दिवशी एकदा चिरून पाहणे सोयीचे नसले तरी दोन-तीन जास्तीचे घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

साहित्य आणि प्रमाण

वीस पाहुण्यांसाठी सरासरी दीड ग्लास धरून तीस ग्लासांची तयारी करावी. ग्लास ३०० मिलीचा असावा. प्रत्येक ग्लासात ९० मिली पेरूचा गर, १० मिली लिंबाचा रस, एकूण २० मिली पाक आणि ८० मिली सोडा जातो. उरलेली जागा बर्फाची. या हिशोबाने २ किलो पेरू, पंचवीस मध्यम कागदी लिंबे, ४०० ग्रॅम साखर, ७५० मिलीच्या सोड्याच्या चार बाटल्या, चार-पाच हिरव्या मिरच्या, बोटाच्या एका पेराएवढे आले, पुदिन्याची एक जुडी, दोन चहाचे चमचे काळे मीठ आणि एक चहाचा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड एवढे लागते. ग्लासाच्या कडेसाठी थोडे साधे मीठ, पिठीसाखर आणि बेडगी मिरचीची पूड वेगळी घ्यावी. सोडा साधाच घ्यावा. आधीच मीठ-लिंबू घातलेला घेतला तर आपले सगळे प्रमाण बिघडते.

मिरची ज्वाला असावी. तिला हिरवा, ताजा वास असतो आणि तिखटपणा मध्यम असतो. लवंगी मिरची आकाराने लहान पण अतिशय जहाल, तेव्हा सुरुवात करणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

मापासाठी वेगळे भांडे विकत आणण्याची गरज नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या लहान पारदर्शक पेल्यावर ५ आणि १० मिलीच्या खुणा असतात. तो गरम पाण्याने स्वच्छ धुऊन घेतला की पाक आणि लिंबाचा रस मोजण्यासाठी अगदी योग्य आहे. गरासाठी ९० मिलीची खूण कोणत्याही लहान वाटीवर एकदा पाणी मोजून करून ठेवावी. अंदाजाने ओतण्याची सवय स्वयंपाकात चालून जाते, तीस ग्लास एकसारखे करायचे असतील तेव्हा चालत नाही.

दोन दिवस आधी: बर्फ

बर्फाचा विचार बहुतेकांच्या मनात सर्वांत शेवटी येतो आणि पार्टीचा विरस तिथेच होतो. ग्लासाला चार खडे धरले तर १२० खडे लागतात, आणि घरच्या एका ट्रेमध्ये बारा ते पंधराच होतात. म्हणून दोन दिवस आधीपासून उकळून गार केलेल्या पाण्याचे खडे लावावेत आणि तयार झाले की झाकणाच्या डब्यात भरून फ्रीझरमध्ये साठवावेत. विकतचा बर्फ आणावाच लागला तर खाण्यायोग्य बर्फाची बंद पिशवीच घ्यावी. मासे किंवा माल थंड ठेवण्यासाठी वापरला जाणारा बर्फ पिण्यासाठी नसतो, आणि महाराष्ट्रात २०१८ पासून अशा अखाद्य बर्फात निळसर रंग मिसळण्याचा नियम आहे. तशी छटा दिसली तर तो बर्फ पेयाजवळही आणू नये. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री गच्चीवर चांगलाच गारवा असतो, तेव्हा ग्लासात चार ऐवजी तीन खडे पुरतात.

आदल्या दिवशी: दोन पाक

४०० ग्रॅम साखर आणि ४०० मिली पाणी एकत्र करून मंद आचेवर ठेवावे आणि साखर विरघळली की लगेच गॅस बंद करावा. इथे लाडवांसारखा एकतारी पाक नको आहे. तार आलेला पाक थंड गरात नीट मिसळत नाही आणि ग्लासाच्या तळाशी जाऊन बसतो. या प्रमाणात साधारण ६५० मिली पाक होतो. त्यातील निम्मा बाजूला काढून एका बाटलीत भरावा. हा आपला साधा पाक.

उरलेला पाक गरम असतानाच त्यात उभ्या चिरलेल्या चार मिरच्या, शिरा आणि बियांसकट, आणि आल्याच्या पातळ चकत्या टाकून वर झाकण ठेवावे. मिरच्या पाकात उकळू नयेत. उकळल्याने तिखट उतरते हे खरे, पण मिरचीचा तो ताजा हिरवा वास नाहीसा होऊन भाजीच्या रश्श्यासारखा शिजलेला वास लागतो, आणि या पेयाची गंमत त्या ताज्या वासातच आहे. दर पाच मिनिटांनी अर्धा चमचा पाक वाटीभर थंड पाण्यात मिसळून चाखावा, मागे सांगितल्याप्रमाणे साठ अंक मोजावेत. मिरचीगणिक तिखट बदलते. एकाच वाट्यातल्या दोन मिरच्यांतही जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, त्यामुळे “वीस मिनिटे ठेवा” असे घड्याळ लावून सांगता येत नाही. बहुतेक वेळा पंधरा ते वीस मिनिटांत पुरेसे उतरते. हवे तेवढे तिखट आले की लगेच गाळून मिरच्या आणि आले काढून टाकावे, म्हणजे ते पुढे वाढत नाही. गार झाल्यावर दुसऱ्या बाटलीत भरून त्यावर ठळक अक्षरांत ‘तिखट’ असे लिहावे. दोन्ही पाक दिसायला जवळजवळ सारखेच असतात आणि घाईत अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही.

मिरच्या चिरताना बोटांना तेलाचा हलका हात लावून घ्यावा. तरीही आग झालीच तर आधी तेल चोळून मग साबणाने हात धुवावेत. नुसत्या पाण्याने ती जात नाही. हात धुईपर्यंत डोळ्यांना स्पर्श करू नये, आणि लेन्स वापरणाऱ्यांनी तर मिरच्या चिरण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे द्यावे.

याच संध्याकाळी एक पेरू वापरून एक पूर्ण ग्लास करून पाहावा, बर्फ आणि सोड्यासकट. बर्फाशिवाय घेतलेली चव खरी नसते, हे वर आलेच आहे. लिंबू कमी-जास्त वाटले तर आजच कळते आणि उद्या वीस जणांसमोर धांदल होत नाही.

पार्टीच्या दिवशी सकाळी: गर

पेरू धुऊन, देठ आणि टोक काढून, सालीसकट मोठ्या फोडी कराव्यात. पेरूचा बराचसा सुगंध सालीलगत असतो, म्हणून साल काढू नये. २ किलो फोडींना दीड लिटर थंड पाणी लागते. हे तीन-चार घाण्यांत विभागून मिक्सरमध्ये थांबून थांबून, दोन-दोन सेकंद फिरवावे. सलग जोरात फिरवले तर बिया फुटतात, गर करकरीत होतो आणि किंचित कडवटपणाही येतो. गर सुटून बिया अख्ख्या राहिल्या पाहिजेत.

यानंतर गाळणे. पुरणयंत्राच्या जाळीतून लहान बिया खाली उतरू शकतात, म्हणून स्टीलची बारीक गाळणी घ्यावी आणि पळीच्या पाठीने गर गोल गोल घासत खाली उतरवावा. या कामाला वेळ लागतो, हात दुखतो, आणि ते टाळण्याचा मोह होतो. टाळू नये. दाताखाली आलेली एक बी सगळ्या पेयाची चव विसरायला लावते. गाळल्यावर साधारण पावणेतीन लिटर गर मिळाला पाहिजे. फार दाट वाटला तर थोडे पाणी घालावे. ओघळ संततधार पडावा, गोळे पडू नयेत, अशी त्याची ओळख.

पेरू शिजवून गर काढण्याची पद्धतही आहे, पण ती जेलीसाठी ठीक. पेरूत पेक्टिन, म्हणजे जेली घट्ट करणारे द्रव्य, भरपूर असते. शिजवलेला गर गार झाल्यावर घट्ट होतो आणि सोड्यात गुठळ्या राहतात.

गाळलेल्या गरात लगेच दोन लिंबांचा रस, काळे मीठ आणि जिऱ्याची पूड घालून ढवळावे. लिंबामुळे गर काळपट पडण्याचे प्रमाण कमी होते. मीठ इथेच घालण्याला आणखी एक कारण आहे: सोडा ओतल्यावर वरून मीठ किंवा मसाला भुरभुरला तर त्याच्या कणांवर वायूचे बुडबुडे धरतात, फेस उसळून ग्लासाबाहेर येतो आणि सोड्याचा जोर तिथेच संपतो. गर झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. तो संध्याकाळपर्यंत उत्तम राहतो. तळाशी दाट आणि वर पाणी असे थर झाले तर काळजी करू नये, ढवळले की पुन्हा एकजीव होतो.

उरलेल्या लिंबांचा रस पाहुणे येण्यापूर्वी तास-दीड तास आधी काढावा. सकाळी काढून ठेवलेला रस संध्याकाळी कडसर लागतो.

ग्लास भरताना

ताटलीत दोन चमचे मीठ, एक चमचा पिठीसाखर आणि एक चमचा बेडगी मिरचीची पूड मिसळावी. कर्नाटकातील ही मिरची रंगाला गडद आणि तिखटाला कमी, त्यामुळे कड लालभडक दिसते पण ओठ भाजत नाहीत. लिंबाची फोड ग्लासाच्या अर्ध्याच कडेवरून फिरवून ग्लास त्या मिश्रणात टेकवावा. अर्धी कड कोरी ठेवल्याने ज्याला मीठ-तिखट नको तो दुसऱ्या बाजूने पिऊ शकतो. हे काम पाहुणे येण्याआधी सगळ्या ग्लासांवर करून ठेवता येते.

मग ग्लासात बर्फ, त्यावर गर, लिंबाचा रस आणि पाक, या क्रमाने घालावे. पाकाचे प्रमाण पाहुण्याला विचारून ठरवावे. सौम्य हवे त्याला ५ मिली तिखट पाक आणि १५ मिली साधा, मध्यम हवे त्याला दोन्ही १० मिली, आणि झणझणीत मागणाऱ्याला पूर्ण २० मिली तिखट. लहान मुलांना नुसता साधा पाक. त्यांना रंगीत कडेमुळे आपण मोठ्यांचेच पेय पीत आहोत असे वाटते आणि ती खूश असतात. ज्येष्ठ मंडळींना, विशेषतः पित्ताचा त्रास असणाऱ्यांना, आपणहून सौम्य ग्लास द्यावा, “काका, यात मिरची आहे, चालेल ना?” एवढे विचारले की पुरे.

लांब दांड्याच्या चमच्याने हे सारे ढवळून घ्यावे आणि सोडा सर्वांत शेवटी ओतावा. ग्लास तिरका धरून कडेकडेने, हळू. सोडा अगदी थंड हवा, कारण थंड पाण्यात वायू जास्त टिकतो; कोमट बाटली उघडताच अर्धा जोर हवेत जातो. ओतल्यानंतर चमचा तळापर्यंत नेऊन फक्त एकदा वर उचलावा. पुन्हा पुन्हा ढवळू नये. एका वेळी एकच बाटली उघडावी, आणि कितीही घाई असली तरी मोठ्या भांड्यात सगळे एकत्र करून ठेवू नये. अर्ध्या तासात त्याचा निव्वळ सरबताचा घोळ होतो.

सजावटीला पेरूची कागदासारखी पातळ चकती कडेला खोचावी. पुदिन्याची दोन पाने तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एक टाळी द्यावी आणि मग ग्लासात सोडावीत. पाने चुरगळली तर पेयात हिरवे तुकडे तरंगतात, टाळीने फक्त वास मोकळा होतो. मिरची लावायचीच असेल तर अख्खी, न चिरलेली लावावी.

टेबलाच्या एका कोपऱ्यात थंड मठ्ठ्याचे भांडे जरूर ठेवावे. कोणीतरी उत्साहाने झणझणीत मागतेच, आणि त्याला पाण्याऐवजी अर्धी वाटी मठ्ठा दिला की दोन मिनिटांत तो पुन्हा गप्पांत सामील होतो. सोबत खायला काय द्यावे, याचे उत्तर सोपे आहे: तेलकट, खारट आणि साधे. बटाटेवडे लहान आकाराचे, शेंगदाणे, साबुदाण्याचे पापड. पदार्थही तिखट ठेवले तर पेयाचे वेगळेपण लक्षातच येत नाही.

उन्हाळ्यात पेरूऐवजी उकडलेली कैरी घेता येते, तेव्हा पाक दीडपट करून लिंबू पूर्ण वगळावे. कलिंगडाला पाणी अजिबात घालू नये, त्याचे स्वतःचेच पुष्कळ असते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीबरोबर मिरचीपेक्षा काळी मिरी अधिक शोभते. तिखट पाक करताना मिरच्यांच्या जागी पंधरा-वीस मिरीदाणे जाडसर कुटून घालावेत.

गर उरला तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून खडे करावेत. पुढच्या आठवड्यात दोन खडे आणि सोडा एवढ्यावर एक ग्लास होतो. दोन्ही पाक स्वच्छ बाटलीत, फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात, आणि तिखट पाकाचे दोन चमचे घातलेले लिंबू सरबत दुसऱ्या दिवशी दुपारी, आवराआवर उरकल्यावर, फारच छान लागते.